घर किती खणांचं?

माझं आजोळ कोकणात आणि वडिलांचं गाव सोलापूरकडे. त्यामुळे पावसाळा दोन तऱ्हांचा बघायला मिळाला. आजोळी पाऊस आधी ऐकू यायचा. कौलांवर ताशा वाजायचा, पागोळ्यांच्या धारा लागायच्या आणि माजघरात कुठेतरी टप टप सुरू झालं की आजी न बोलता तिथे पातेलं सरकवायची. सोलापूरकडच्या घरात पाऊस आलाय हे आत बसून कळायचंच नाही. डोक्यावर दीड फूट मातीचं माळवद. आजोबांना मात्र वासावरून कळायचं. सर ओसरली की ते शिडी लावून वर जायचे, भेग दिसेल तिथे पांढरी माती टाकायचे आणि पायानं दाबत फिरायचे. गळायची दोन्ही घरं. एकीकडे त्यावर उपाय पातेल्याचा, दुसरीकडे पायाचा.

दोन्हीकडची माणसं मराठी, सण तेच, स्वयंपाकही फार वेगळा नाही. मग घरं इतकी वेगळी का? ढोबळ उत्तर असं की छप्पर पाऊस ठरवतो, भिंत जमीन ठरवते आणि आतले दरवाजे माणसांच्या रीतीभाती ठरवतात. यातलं छप्पर आणि भिंत हाताशी पैसा आला, बाजारात नवं सामान आलं की एका पिढीत पालटतात. आतली रीत चिवट असते, ती नव्या घरातही स्वतःला जागा करून घेते. आणि पाऊस कुणाचंच ऐकत नाही.

आधी छपराचं बघू. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूर-धाराशिव पट्ट्यात सहाशे ते आठशे. कोकणात पाणी छपरावर थांबलं की घर गेलंच, म्हणून छप्पर चांगलं उतरतं आणि भिंतीच्या बरंच पुढे आलेलं. पूर्वी त्यावर गवत नाहीतर नळे असत. नळा म्हणजे कुंभारानं चाकावर नळकांडं घडवायचं, ओलं असतानाच उभं चिरायचं आणि भाजायचं. एका नळकांड्याचे दोन अर्धगोल. हे नळे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते एकावर एक टेकतात. माकडं नाचली, वारा भरला की सरकतात. म्हणून दर वैशाखात घर शाकारायचं हा ठरलेला उद्योग. १८६५ मध्ये बाझेल मिशनच्या लोकांनी मंगलोरला यंत्रावर कौलं पाडायचा कारखाना काढला. ही चपटी कौलं खाचेत खाच बसून एकमेकांना धरून राहतात. किनाऱ्यानं गलबतांतून ती वर येत गेली आणि नळ्यांची घरं हळूहळू मंगलोरी झाली. आज ‘पारंपरिक कोकणी घर’ म्हटल्यावर जे लालचुटुक छप्पर डोळ्यांसमोर येतं, ते खरं तर एका जर्मन-स्विस मिशनच्या कारखान्याचं देणं आहे. त्या कौलांच्या पाठीवर कारखान्याच्या नावाबरोबर १८६५ हा आकडा उठवलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा. पण तेवढ्यावरून ‘आमचं घर दीडशे वर्षांचं’ असं सांगणारे मला भेटलेत, आणि मी त्यांचा हिरमोड केलेला नाही.

घाट चढून आलं की छप्पर सपाट होतं. खानदेशात त्याला धाबं म्हणतात, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर माती. पाऊस कमी, ऊन रणरणतं, आणि एवढं लांबरुंद उतरतं छप्पर उभारायला लागणारं लाकूड आसपास नाही. अशा मुलखात ही युक्ती नामी आहे. मातीचा जाड थर ऊन अडवत नाही, त्याला उशीर करतो. दुपारी बाराला वर पडलेली आच मातीतून झिरपत आत पोचायला कित्येक तास लागतात. ती पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातली माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात. पहाटे माळवद गार पडतं आणि तो गारवा दुसऱ्या दुपारपर्यंत पुरतो. विजेशिवाय चालणारा हा कूलर.

उजेडासाठी माळवदाला मधोमध एक भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. चुलीचा धूर तिथून जातो. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा खाली येतो आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. आमच्याकडे तो उतरंडीच्या मडक्यांवर आला की चहाचं आधण ठेवत. पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन साण्यावर परात पालथी घालायचं.

आता भिंत. कोकणात जमिनीखालीच जांभा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सरळ तासून चिरे पाडता येतात. वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होतो. देशावर काळा पाषाण आहे, पण तो घडवायला टाकीचे घाव आणि पैसा दोन्ही लागतात. काळी माती तर घर बांधायला कुचकामी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. म्हणून गाव वसवताना पांढऱ्या मातीची चढाची जागा बघत. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती, हे जुन्या कागदपत्रांतले शब्द इथूनच आलेत. पाटला-देशमुखांच्या गढ्या याच पांढऱ्या मातीच्या. आज त्यांचे ढिगारे गावागावांत दिसतात, आणि माळवदावर टाकायला लोक तिथूनच माती उकरून नेत आले.

विदर्भात मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात कारवीच्या काड्या उभ्या करून शेणामातीनं लिंपलेला कूड. वारली चित्रं आज कागदावर आणि कुर्त्यांवर दिसतात, पण त्यांची मूळ जागा ही भिंत. लग्नघरात गेरूच्या अंगावर तांदळाच्या पिठानं देवचौक काढायचा. कुडाची भिंत काही वर्षांत बदलायचीच असते, त्यामुळे तिच्यावरचं चित्र जपून ठेवावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

छप्पर आणि भिंत झाली. आतलं गणित मात्र मापाचं आणि मानपानाचं. पूर्वी घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण; ते मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ठरायचं. सोयरीक जुळवताना ‘घर किती खणांचं?’ हा प्रश्न असायचा, आणि उत्तरावरून जमीन-जुमल्याचा अंदाज बांधता यायचा.

कोकणातलं घर समोरून मागे चालत बघा. आधी खळं, म्हणजे पुढचं अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, परसू. जितकं आत जाल तितका उजेड कमी आणि नातं जवळचं. कोण कुठपर्यंत येणार हे न सांगता ठरलेलं असे. मजुरी मागायला आलेला खळ्यात उभा राही, गावातला प्रतिष्ठित माणूस ओटीवरच्या झोपाळ्यावर बसे, माजघरात फक्त घरचे आणि सोयरे. घरातल्या बायकांची ये-जा मागीलदारानं. माजघराशेजारची अंधारी खोली बाळंतिणीची. पाळी आलेली बाई मागच्या पडवीत ‘बाहेर बसलेली’. जुन्या घराच्या आठवणी काढताना आपण झोपाळ्याची कुरकुर आणि सारवलेल्या जमिनीचा गारवा सांगतो. त्या गारव्यात कुणाला पाय ठेवता येत होता हे सोडून देतो. देशावरच्या गावात तर हाच नकाशा गावभर पसरलेला: मध्ये गढी, भोवती आळ्या, मग गावकूस आणि त्याच्या बाहेर काही जातींची वस्ती. घराचा नकाशा आणि गावाचा नकाशा एकाच डोक्यातून निघालेला होता.

गोव्यात याच नकाशाची दोन रूपं शेजारी-शेजारी सापडतात. जुन्या सधन हिंदू घरांचं तोंड आतल्या राजांगणाकडे, मध्ये तुळस, बाहेरची भिंत मुकी. ख्रिस्ती घरानं तोंड रस्त्याकडे केलं, दाराशी बाल्कांव काढला आणि दोन्ही बाजूंना बसायला बाकं घातली. संध्याकाळी तिथे बसून येणारा-जाणारा बघायचा आणि त्यालाही आपल्याला बघू द्यायचं. खिडक्यांना मात्र दोघांच्याही शिंपले. काच दुर्मिळ होती तेव्हा चपट्या शिंपल्यांच्या तावदानांतून दुधाळ उजेड आत येई.

वाड्याचं सांगायचं तर तो देशावरचं तटबंदीचं घर. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यावर खिडकी जवळजवळ नाही. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, वाकूनच आत शिरावं लागतं. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही. आत देवडी, मग चौक, चौकाच्या चारी अंगांना सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या. पहिल्या चौकात कारभार आणि पुरुष, मागच्या चौकात बायका, देवघर, मुदपाकखाना. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. आता तट, दरवाजे आणि जोती तेवढी दिसतात, कारण बाकी सगळं मुख्यतः लाकडाचं होतं. खांब, तुळया, कडीपाट, महिरपी हाच वाड्याचा सांगाडा. विटा-माती नुसती भर.

पेशवाई गेली, पण पुण्यातले वाडे पुढे शंभर-दीडशे वर्षं टिकले. ते उठले कशानं? सगळे बिल्डरकडे बोट दाखवतात, पण सुरुवात त्याच्या फार आधीची आहे. शहरात नोकरीला माणसं आली तशी मालकांनी सोपे फळ्या ठोकून अडवले आणि बिऱ्हाडं ठेवली. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला हे खरं, पण दहा-वीस रुपये भाड्यात कौल बदलणंही मालकाला परवडेना. भाडेकरू म्हणे घर मालकाचं, मालक म्हणे राहणारा तू. मध्ये वाळवी. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत भिजलेल्या मातीच्या भिंती विरघळून बसल्या. त्याच सुमारास सहकारी संस्थांचा १९६० चा आणि मालकीच्या फ्लॅटचा १९६३ चा कायदा आला. जमीन सामायिक, घर स्वतःचं, ही नवी कल्पना कायद्यात बसली आणि वाडा पाडून इमारत उभी करायला वाट मिळाली. आज पेठांत पाच मजली इमारतीवर ‘अमुक वाडा’ अशी पाटी दिसते. आत चौकाच्या जागी पार्किंग.

मुंबईत वाडा हा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस थेट चाळीत शिरला. गिरणगावातल्या लाकडी चाळींना बाहेरून गॅलरी होती. प्रत्येकाला एक खोली, आत मोरी, आणि गॅलरी मजल्यावरच्या सगळ्यांची मिळून एकच ओटी: पापड वाळवणं, अभ्यास, भांडण, कॅरम, सगळं तिथेच. बीडीडी चाळी मात्र वेगळ्या. १९२० च्या दशकात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या सरकारी खात्यानं सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेल्या या २०७ इमारती वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. गॅलरी नाही म्हणून लोकांनी बोळाचीच गॅलरी केली.

या चाळींनी जुन्या नकाशाला एक तडा नक्की दिला. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ असे सुमारे २२ वर्षं राहिले. मग दादरला राजगृह बांधलं तेव्हा घरात आधी जागा ठरली ती पुस्तकांची. जात चाळीतही होती, कोणत्या इमारतीत कोणाची वस्ती हे लोकांना तोंडपाठ असे. तरी एकाच जिन्यानं चढणं आणि एकाच नळावर उभं राहणं हे खळं-ओटी-माजघराच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

मग फ्लॅट आला आणि घर खणांवरून स्क्वेअर फुटांवर गेलं. माजघर नाहीसं झालं, ओटी आणि दिवाणखाना मिळून ‘हॉल’ झाला. आता दारातून चार पावलं टाकली की पाहुण्याला गॅसवरचं दूध दिसतं. घरातल्या बाईसाठी हा बदल मोठा आहे. चूल मागच्या अंधारातून पुढे आली, बसून करायचा स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला. शब्दांची गंमत तर बघा. ‘ओटा’ म्हणजे पूर्वी दारापुढचा, पुरुषांनी पान खात बसायचा. आज ‘ओटा आवरला का?’ म्हटलं की स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट आठवतो. कोकणात ‘माळा’ म्हणजे नारळ-पेंढा ठेवायची छपराखालची जागा. मुंबईत माणसंच तिसऱ्या माळ्यावर राहायला गेली. आणि जुनी रीत? जाळीचा सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं ठेवतात, कुरिअरवाल्याला त्या जाळीतूनच सही देतात. ते खळंच आहे, उभं केलेलं. चपलांचा रॅक दाराबाहेर सोसायटीच्या जागेत सरकतो आणि त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं होतात. ती पडवी.

घर एका रात्रीत बदलण्याचं सर्वांत क्रूर उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपेत. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. तरी लातूर-धाराशिवमध्ये हजारो माणसं गेली, कारण वर तेच माळवद होतं ज्यानं पिढ्यान् पिढ्या उन्हापासून वाचवलं. दर साली गळती थांबवायला थोडी माती टाकायची, जुनी काढायची नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे आठ टनांच्या आसपास वजन होतं. खाली दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, पण तिच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी घातलेला नव्हता; मध्ये चिपा आणि माती भरलेली. हादरा बसला तसे दोन्ही थर उलट्या दिशांना सुटले. काही घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र जागेवर उभा राहिला. ज्यांच्याकडे खणांचं पुरतं लाकूड नव्हतं, ज्यांचं माळवद थेट भिंतीवर टेकलेलं, त्यांच्या डोक्यावर सगळं आलं. ‘घर किती खणांचं?’ या प्रश्नाला असाही अर्थ होता.

पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ आखलेले रुंद रस्ते, ओळीनं काँक्रीटची घरं. ती मजबूत होती, पण आखणाऱ्याच्या कागदावर ‘कोण कुठपर्यंत येणार’ ही रेघ नव्हती. दार थेट रस्त्यावर उघडणारं, अंगण नाही, जनावरं बांधायला जागा नाही, कडबा ठेवायचा कुठे? दगडाची धास्ती घेतलेल्या माणसांनी पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. थोडे स्थिरावल्यावर भोवती भिंत घातली, दारात ओटा बांधला, गोठा काढला. सरकारनं दिलेली खोली बऱ्याच घरांत सामानाची किंवा पाहुण्यांची झाली आणि राहणं भोवतीच्या अंगणात आलं. बाहेरून आलेले लोक याला अतिक्रमण म्हणत. माझ्या मते ते राहिलेलं बांधकाम पुरं करणं होतं.

कोकणातली गोष्ट इतकी दुःखाची नाही, पण वळण तेच. मुंबईतला पैसा आला, मग आखातातला. कौलारू घर म्हणजे गरिबी, स्लॅबचं घर म्हणजे बरकत असं गावात ठरून गेलं. माझ्या मामानंही जुनं घर उतरवून वर सपाट स्लॅब टाकला. पहिल्या पावसाळ्यात सगळे खूश. पातेली नाहीत, शाकारणी नाही, आणि पाऊस ऐकूही येत नाही. तिसऱ्या वर्षी छताला ओल आली, पाचव्या वर्षी सळ्या गंजून पोपडे पडायला लागले. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी सपाट जागेवर कोसळलं की दुसरं काय होणार! डांबर झालं, वॉटरप्रूफिंग झालं. शेवटी त्यानं लोखंडी पाइप उभे करून स्लॅबच्या वर उतरता निळा पत्रा घातला, भिंतीच्या चांगला दोन हात पुढे आलेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता कितीतरी बंगल्यांच्या डोक्यावर असलं दुसरं छप्पर आहे. त्याखाली नारळ, पेंढा, मोडका झोपाळा, वाळत घातलेले कपडे. गेल्या आषाढात मामाला फोन केला तर त्याला माझं काही ऐकूच येईना. पत्र्यावर एवढा वाजत होता की तो ओरडून म्हणाला, “थांब, जरा ओसरू दे, मग बोलू.”